नोकरीनंतर लाकडी घाणा टाकायचा आहे, सहा लाखांत बसेल का?

सज्जनगड_पायथा यांचा प्रश्न

वय ५२. कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आहे, तीन महिन्यांत निर्णय कळवायचा आहे. साताऱ्यात लाकडी घाण्याचं तेल काढून विकायचा विचार पक्का होत चालला आहे. माहिती अशी:

घाणा १० किलोचा, ३ एचपी मोटर, कोटेशन १ लाख ९० हजार. गाळा तळमजल्यावर, २५० चौरस फूट, भाडं १० हजार, अनामत ६० हजार. व्यवसायासाठी ६ लाख बाजूला काढता येतात. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं आणि मोहरी अशी पाच तेलं ठेवायची आहेत. मशीनवाल्याच्या सांगण्याप्रमाणे १० किलो दाण्यांना साडेचार किलो तेल पडतं.

यात काय चुकतंय? घाणा घेताना नेमकं काय तपासायचं? आणि सहा लाख पुरतील का?

---

लाट_आणि_उखळ

आधी साडेचार किलोचं बघू. लाकडी घाण्यावर चांगल्या, भरलेल्या दाण्याला १० किलोमागे ३.८ ते ४.२ किलो तेल धरा. साडेचार पडतं तेव्हा एक तर दाणा निवडक असतो, नाही तर तेल गाळासकट मोजलेलं असतं. घाण्यातून पडलेल्या तेलात बारीक पेंड असते. चार दिवस निवळल्यावर तळाशी साधारण ५ टक्के गाळ बसतो. म्हणून हिशेबात १० किलोला ३.८ किलो स्वच्छ तेल आणि ५.७ किलो पेंड धरा. बाकीचं लाकडात, फडक्यात आणि ओलाव्यात जातं.

घाणा घ्यायला जाल तेव्हा आपले दाणे, आपला वजनकाटा आणि दोन डबे घेऊन जा. लागोपाठ तीन घाणी (एका वेळी घातलेला माल म्हणजे एक घाणी) काढायला लावा. पहिल्या घाणीचा आकडा सोडून द्या, दुसरी-तिसरी बघा. पेंड हातात घेऊन मोडा. तिची खापरी कडक आणि कोरडी निघाली तर ठीक. बोटाला तेल लागलं किंवा पेंड भुसभुशीत पडली, तर लाट (उखळात फिरणारा लाकडी दांडा) आणि उखळ यांच्यात फट जास्त आहे किंवा दाब कमी पडतोय.

लाकूड बाभूळ, चिंच किंवा शिरीष यांपैकी असावं आणि पूर्ण वाळलेलं असावं. ओलं लाकूड दोन महिन्यांत उन्हाळ्यात तडकतं. लाटेच्या टोकाला आणि उखळाच्या आतल्या अंगाला झीज होतेच. झीज वाढली की उतारा, म्हणजे दाण्यामागे पडणारं तेल, हळूहळू घसरतो. घाणीमागे १०० ग्रॅम कमी पडलं तर लक्षात येत नाही आणि दिवसाला ६ घाण्यांच्या हिशेबाने महिनाअखेर १५ किलो तेल पेंडीतून गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक घाणीला दाणे, तेल, पेंड अशी तीन वजनं वहीत लिहायची. उतारा सलग ३.७ च्या खाली गेला की लाट तासून घ्यायची किंवा बदलायची. सुटी लाट किती दिवसांत मिळते आणि तासायला कोण येतो, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

फेऱ्यांची गती मिनिटाला १२ ते १८ च्या दरम्यान हवी. जास्त माल निघावा म्हणून पुली बदलून गती वाढवून देणारे भेटतात. तसं केलं की तेल तापतं, वास बदलतो आणि लाकूडही लवकर झिजतं. पडणारं तेल हाताला कोमट लागावं, गरम नको.

गिअरबॉक्स कुठे बसवलाय ते वाकून बघा. तो उखळाच्या वर असेल तर त्याचं सील गळून वंगण तेलात पडायचा धोका असतो. खाली किंवा बाजूला असलेला बरा. मोटरला फेज प्रिव्हेंटर लावूनच घ्या. एक फेज गेली आणि मोटर तशीच चालत राहिली की वाइंडिंग जळतं.

आता पाणी. नवख्याचा पहिला महिना इथेच वाया जातो. दाणा फार कोरडा असला की त्याचं पीठ होतं आणि तेल सुटत नाही. म्हणून दाणा दळला गेल्यावर, साधारण दहाव्या मिनिटापासून, कोमट पाणी शिंपडतात. १० किलोला एकूण १०० ते १५० मिली, तेही दोन-तीन वेळा, हाताने. एकदम ओतलं तर आतला लगदा पांढरा, दुधट होतो. मग तेल गढूळ निघतं, निवळत नाही आणि कढईत तडतडतं. पावसाळ्यात दाण्यातच ओल असते, तेव्हा पाणी निम्म्यावर आणा किंवा दाणे आधी उन्हात एक दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, चिवट लागता कामा नये.

नवा घाणा पहिल्या ८-१० घाण्यांत बरंच तेल पितो. त्या मालाचा उतारा मोजू नका. तो माल विकूही नका, लाकडाचा वास असतो.

पाच तेलांबद्दल: एकाच घाण्यावर पाच बियाणं घेऊ नका. मोहरीनंतर शेंगदाणा घातला तर तिखट वास पुढच्या दोन घाण्यांना येतो. करडईचं टरफल कडक असतं, त्याने लाकूड लवकर झिजतं आणि उतारा २५ ते २८ टक्क्यांच्या आसपासच राहतो. पहिले सहा महिने शेंगदाणा आणि आठवड्यातून एक दिवस करडई, एवढंच. करडई आठवड्याच्या शेवटच्या दिवशी घ्या म्हणजे नंतर घाणा निवांत धुऊन-पुसून ठेवता येतो. खोबऱ्याला उतारा ६० टक्क्यांच्या पुढे मिळतो म्हणून मोह होतो, पण साताऱ्यात खोबरेल खाण्यासाठी नेणारी घरं मोजकीच.

---

जमाखर्च_वही

वरचे आकडे घेऊन लिटरचा हिशेब मांडतो. भाव उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या मार्केट यार्डाचा आजचा भाव घालून पुन्हा करा.

एक घाणी, १० किलो दाणे, १२० रुपये किलोने १,२०० रुपये. पेंड ५.७ किलो, ३५ रुपयांनी जवळपास २०० रुपये परत. उरले १,०००. स्वच्छ तेल ३.८ किलो. शेंगदाण्याचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ४.१५ लिटर धरू. लिटरला कच्च्या मालाचेच २४१ रुपये झाले.

पुढचे खर्च दिवसाला ६ घाण्या आणि महिन्याला २५ दिवस धरून. म्हणजे १५० घाण्या, ६२२ लिटर.

वीज घाणीला २ युनिट, लिटरला ५ रुपये. बाटली, झाकण, लेबल १८. मदतनीस ५०० रुपये रोजाने, लिटरला २०. भाडं लिटरला १६. समजा ४ लाख कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण ८,७०० रुपये, लिटरला १४.

बेरीज ३१४ रुपये. ३६० ला विकलं तर लिटरला ४६ सुटतात, महिन्याला २८,६०० च्या आसपास. तुमची स्वतःची मजुरी यातच आली, वेगळी धरलेली नाही.

आता दोन गोष्टी बघा. हेच तेल किराणा दुकानात ठेवलं आणि दुकानदाराला १५ टक्के सोडले, तर तुमच्या हातात ३०६ येतात आणि खर्च ३१४ आहे. म्हणजे दुकानामार्फत विकलेल्या प्रत्येक बाटलीला ८ रुपये खिशातून जातात. एवढ्याशा उत्पादनाला मधला माणूस परवडतच नाही. थेट घरात बाटली गेली तरच धंदा आहे.

दुसरं, विक्री निम्मी झाली तर. ३११ लिटर. भाडं, मदतनीस आणि हप्ता तेवढेच राहतात, म्हणून लिटरला ३२, ४० आणि २८ पडतात. बेरीज ३६४. भाव ३६० असूनही तोटा. तुमचा खरा आकडा म्हणूनच घाण्याच्या किमतीचा नाही, गिऱ्हाइकांचा आहे. चौघांच्या घरात महिन्याला ३ ते ४ लिटर तेल लागतं, पण महाग म्हणून बहुतेक घरं घाण्याचं २ लिटर घेतात आणि तळणाला पिशवीचं वापरतात. ६२२ लिटर खपायला दरमहा न चुकता येणारी तीनशे घरं लागतात.

सहा लाखांचं: घाणा १.९०, पाया-वायरिंग-थ्री फेज जोडणी ०.५०, स्टीलच्या टाक्या, चाळणी, काटा ०.४०, बाटल्या आणि लेबलं ०.२५, अनामत ०.६०. झाले ३ लाख ६५ हजार. उरले २ लाख ३५ हजार. एका महिन्याचे दाणेच १,५०० किलो, १ लाख ८० हजारांचे. शिल्लक ५५ हजार, आणि तीन महिन्यांचं भाडं नि मजुरी ६७,५००. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवायला सहा लाख पुरत नाहीत. सीझनला दोन महिन्यांचा दाणा भरायचा म्हटलं तर सव्वासात लाखांच्या पुढे जातं.

यावर उपाय म्हणजे आणखी पैसे घालणं नव्हे. घाणा घेण्याआधी तीन महिने दुसऱ्याच्या घाण्यावर आपले दाणे देऊन तेल काढून घ्या. मजुरी जाईल, पण महिन्याला ६०-७० घरं बांधली जातात की नाही ते कळेल. आणि घाणा घेतल्यावर सुरुवातीला गिऱ्हाइकांचे दाणे घेऊन तेल काढून द्यायचं काम मागा. साताऱ्याच्या आसपास घरचा भुईमूग असणारी कुटुंबं भरपूर आहेत. त्यात दाण्याचं भांडवल अडकत नाही, मजुरी रोख मिळते आणि रिकामा घाणा चालता राहतो.

---

सज्जनगड_पायथा

दुकानाचं गणित बघून वही पुन्हा उघडली. तीन महिने बाहेरून तेल काढून घ्यायचं पटलं.

आता तीन शंका. कर्ज सरकारी योजनेतून घ्यावं का, आणि वयाची अडचण येते का? लोक किटली घेऊन सुटं तेल मागतात, द्यावं का? आणि नोकरी सोडण्याआधी कोणती कामं उरकावीत?

---

कागद_आधी

वयापासून. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १८ पूर्ण ही एकच अट आहे, वरची मर्यादा नाही. उत्पादन उद्योगाला प्रकल्प ५० लाखांपर्यंत. सर्वसाधारण गटाला अनुदान शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, स्वतःचा वाटा १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना २५ आणि ३५ टक्के, वाटा ५ टक्के. नवरा-बायको मिळून एकालाच लाभ. घरातून बायको खरोखर हा धंदा बघणार असेल तर तिच्या नावाने करा, खातं आणि सह्या तिच्याच राहतील हे समजून करा. नुसतं नाव वापरायचं असेल तर नको, कर्जाची जबाबदारी तिच्यावर येते.

अन्नप्रक्रियेची दुसरी योजना म्हणजे पीएमएफएमई. ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान. कृषी विभागाकडे चौकशी करा. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं. त्यामुळे फाइल करून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्यांकडे जायचं कारण नाही. दोन्ही योजनांच्या मुदती केंद्र सरकार ठरवतं, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टल सुरू आहे का आणि जिल्ह्याचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक: कर्ज मंजूर होण्याआधी घाणा विकत घेणं. ही अनुदानं बँकेच्या मंजुरीनंतरच्या खरेदीसाठी आहेत. मशीनवाला सूट देतोय म्हणून आगाऊ पैसे भरून बिल फाडलं की ते यंत्र प्रकल्पातून बाहेर जातं. तेव्हा आत्ता फक्त कोटेशन घ्या, जीएसटी क्रमांकासह.

आणि अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने अडकवून ठेवतात, तेवढ्या कर्जरकमेवर व्याज लागत नाही आणि तीन वर्षं युनिट चालू राहिलं तर कर्जात वळतं करतात. खेळत्या भांडवलाला ते पैसे धरून बसू नका. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला लघुउद्योगाकडून बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. राहतं घर गहाण ठेवायचा विषय निघाला तर हे शांतपणे सांगा. या वयात घर तारण देऊ नका.

परवाने. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आधार आणि पॅनवर, मोफत. त्याच नावाच्या खाजगी संकेतस्थळांवर पैसे मागतात, सरकारी पोर्टलच उघडा. एक-दोनच कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे, आणि तो दुसऱ्याच्या घाण्यावर तेल काढून स्वतःच्या नावाने भरणार असाल तरी लागतो. म्हणजे तुमच्या चाचणीच्या तीन महिन्यांतही. वैधमापन (वजन-मापं) खात्याकडे पॅकिंग करणारे म्हणून नोंदणी वेगळी, आणि वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा. जीएसटीची मर्यादा मालाला ४० लाख आहे, वरच्या हिशेबाने तुम्ही त्याच्या आत आहात.

वीज घरगुती मीटरवर चालवू नका, काही दिवसही नाही. विद्युत कायद्याच्या १२६ कलमाखाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुपटीने आकारणी होते. गाळ्याला थ्री फेज औद्योगिक जोडणी मिळेल का, हे भाडेकरारावर सही करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारा. मालकाचं ना-हरकत पत्र लागतं.

सुटं तेल: खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे, बंद पॅकमध्ये, लेबल लावूनच विकायचं. किटलीवाल्या गिऱ्हाइकाला ५ लिटरचा डबा द्या आणि रिकामा डबा परत आणला तर थोडी सूट द्या. मात्र परत आलेल्या डब्यात पुन्हा भरू नका. जुन्या डब्याच्या कडेला राहिलेलं तेल खवट झालेलं असतं आणि नवं तेल आठवड्यात खराब करतं.

लेबलवर नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण लिटरमध्ये आणि सोबत ग्रॅममध्ये, कमाल किंमत, प्रति एकक किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच, किती दिवसांत वापरावं, हिरवा ठिपका, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, पोषणमूल्यं, तक्रारीसाठी फोन. बाटली भरताना मापाने न भरता वजनाने भरा. थंडीत-उन्हाळ्यात तेलाचं आकारमान बदलतं, वजन बदलत नाही. "हृदयविकार टाळतो", "शुगर कमी करतो" असलं काही छापू नका, दंड होतो. "१०० टक्के" हा शब्दही नको.

नोकरी सोडण्याआधी: कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करायचा अर्ज शेवटच्या दिवसाच्या दीड-दोन महिने आधी द्या. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ सामूहिक विम्यात जितका पूर्ण झाला असेल तितका धरला जातो. राजीनाम्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर बीपी-शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मोठी वैद्यकीय तपासणी, दातांची कामं, मोतीबिंदू, जे काही रेंगाळलं असेल ते नोकरीच्या विम्यात उरका. पगाराची स्लिप चालू असतानाच गृहकर्जाची फेररचना करून घ्या. निवृत्तिवेतनाचं बघा: कर्मचारी पेन्शन योजनेचं पूर्ण वयाचं पेन्शन ५८ ला. ५० नंतर आधी घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. ५२ ला सुरू केलं तर सहा वर्षांची कपात जन्मभर राहते. घाण्याच्या गरजेपोटी त्याला हात लावू नका.

आणि सहा लाखांव्यतिरिक्त घरखर्चाचे किमान १८ महिन्यांचे पैसे मुदत ठेवीत वेगळे. ते पैसे दाण्याच्या सीझनला हमखास खुणावतात. त्या ठेवीवर जोडीदाराची सही संयुक्त ठेवा.

---

पेंड_आणि_गिऱ्हाईक

वरच्या उत्तरांत पेंड २०० रुपयांत निघून गेली. तिच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण महिन्याला साडेआठशे किलो पेंड निघते आणि ती पडून राहत नाही, खराब होते.

लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, म्हणून दुभत्या जनावरांना ती आवडते. पण तेवढ्याच कारणाने ती लवकर खवट होते. निघाली की पसरून गार करा, गरम पोत्यात भरलीत तर आतून घाम सुटतो आणि दोन दिवसांत हिरवट बुरशी धरते. पावसाळ्यात आठवड्याच्या आत उचलली गेली पाहिजे. त्यासाठी दोन-तीन गोठेवाले आधीच ठरवा आणि वार ठरवून द्या. रोख भाव दोन रुपये कमी चालेल, पण उचल नियमित हवी.

बुरशीचं खरं गांभीर्य असं की शेंगदाण्यावरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, कढवल्याने जात नाही. मोठ्या कारखान्यात तेल रिफाइन होताना ते बरंचसं निघतं. घाण्याच्या तेलाला रिफाइनिंग नसतं, म्हणून जे दाण्यात आहे ते थोडं तेलात उतरतं आणि बाकी पेंडीत राहतं. तीच पेंड गाईने खाल्ली की दुधात येतं. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, इतकी कडक. तुम्ही लहान मुलांच्या घरात तेल आणि दूध दोन्ही बाजूंनी पोचत आहात.

म्हणून निवडणीत कंजुषी नको. दाणे चाळणीतून काढल्यावर पांढऱ्या कापडावर पसरून काळे, सुरकुतलेले, हिरवट पावडर असलेले, आत पोकळ निघालेले हाताने वेचा. क्विंटलमागे दोन-तीन किलो निघाले तर निघू द्या. तो माल पेंडीतही मिसळू नका, फेकून द्या. "तेलाचे दाणे" या नावाने यार्डात स्वस्त माल मिळतो. तो फुटका, बारीक, गेल्या वर्षीचा असतो. किलोला १० रुपये वाचतात आणि उतारा, वास, सुरक्षितता तिन्ही जातात. तीन महिन्यांतून एकदा तेलाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या: आम्लता, पेरॉक्साइड (या दोन्हींवरून तेल किती खवटलंय ते कळतं) आणि अफ्लाटॉक्सिन. तो अहवाल गाळ्यात भिंतीवर लावा. तीनशे घरं त्याने टिकतात.

साठवण. खरिपाचा भुईमूग दिवाळीच्या आगेमागे येतो, उन्हाळी मे-जूनमध्ये. वर्षाचा माल भरायचाच असेल तर शेंग घ्या, दाणे नको. टरफलात दाणा टिकतो. फोडलेला, साल निघालेला दाणा तीन-चार महिन्यांत खवटायला लागतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

शरीराबद्दल कुणी लिहिलं नाही. ५० किलोचं पोतं पन्नाशीत रोज उचलायचं नाही. दाणे ३० किलोच्या पोत्यात भरून मागा किंवा दोनचाकी ट्रॉली घ्या. पेंड उकरून काढताना कमरेत वाकून काम होतं, म्हणून घाण्याचा पाया बसवतानाच उखळाची कड कमरेच्या उंचीला येईल असं गवंड्याला सांगा. चालू घाण्यात हात घालायचा नाही, पेंड सारायला लाकडी पट्टीच वापरायची. सैल बाही, गळ्यात उपरणं, पदर, काही नको.

---

सज्जनगड_पायथा

पाया उंच घ्यायचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. शेवटचा प्रश्न. काल दोन घाण्यांवरून नमुने आणले. दोन्ही तेलांना तळताना फेस येतो, एकाला जास्त. हे भेसळीचं लक्षण की घाण्याच्या तेलाला फेस येतोच?

---

लाट_आणि_उखळ

येतो, पण दोन कारणांनी येतो आणि ती वेगळी ओळखता येतात. लोखंडी कढल्यात ५० मिली तेल घ्या, मंद आचेवर तापवा, काही टाकू नका. तडतड आवाज येऊन बुडबुडे उठले तर तेलात पाणी आहे. शिंपडताना जास्त झालंय किंवा दाणा ओला होता. आवाज न होता वर बारीक, पांढरा, दाट फेस चढला आणि गार झाल्यावर तळाशी तपकिरी थर दिसला, तर गाळ राहिलाय, तेल नीट निवळलेलं नाही. भेसळ फेसावरून कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी.

निवळण्यासाठी शंकूसारख्या तळाची स्टीलची टाकी घ्या, दोन तोट्यांची: एक अगदी खाली गाळ काढायला, दुसरी तळापासून वीतभर वर, तेल काढायला. चार दिवस झाकून, सावलीत, न हलवता. उन्हात ठेवून लवकर निवळतं म्हणून तसं करतात, पण उजेडाने तेल खवटायला लागतं. चौथ्या दिवशी वरच्या तोटीने, दुहेरी मलमलीतून. ६ घाण्यांच्या हिशेबाने रोज २५ लिटर येतं, तेव्हा ३० लिटरच्या पाच टाक्या लागतील. एक रोज भरायची, एक रिकामी करायची. कोटेशनमध्ये बहुधा एकच १०० लिटरची टाकी लिहिलेली असते. तिच्यात रोज ताजं तेल ओतलं की खालचा गाळ पुन्हा ढवळला जातो. तुमच्या दुसऱ्या नमुन्याला जास्त फेस येण्याचं कारण बहुतेक तेच. त्या घाणेवाल्याकडे टाक्या किती आहेत ते विचारून बघा.